थोरलीचा गहू

“डाक्टरसाब, पोराला जवारी बंद करून गहू चारा, तुमीच म्हनलात.” कडूबाईनं दवाखान्याच्या टेबलावर भाकर आपटली. गव्हासाठी मानवतच्या बाजारात दुभती शेळी विकली, तरी पोराचे जुलाब थांबेनात. गहू सरला आणि भाकरीवर पोर सावरलं. पुढे पाहुण्यांसाठी जात्यावर गहू दळला, त्यावरच पोराची ज्वारी दळली, तर पुन्हा तेच. तेव्हापासून ती जातं धुऊनच त्याचं दळायची. आज पोर कडेवरून भाकरीकडं झेपावत होतं. “तुमच्या बाटलीपेक्षा आमचं जातं शहाणं,” ती हसली. डॉक्टरांनी टेबलावरची भाकर उचलून पाहिली. “बाई, काही लेकरांना गहूच बाधतो. विलायतेत हे नुकतंच कळलंय.” कडूबाईचं हसू थिजलं. थोरली लेकही अशीच जुलाबानं वाळून गेली होती. तिलाही याच डॉक्टरांनी गहू सांगितला होता. शेवटची पोळी कडूबाईनंच बळंबळं भरवली होती. “मंग साब, माझी थोरली कशानं मेली?”