रुखवतातल्या उशा

रुखवतात उशांची जोडी द्यायची रीतच होती, तशी हेमांगीच्या माहेरच्यांनीही दिली होती. नक्षीच्या अभ्र्याची उशी सासूची, साध्या अभ्र्याची सुनेची. सून झोपली की तिची गाढ झोप सासूच्या उशीत उतरायची, आणि तिच्या वाट्याला नुसतं कूस बदलणं उरायचं. न झोपलेलं शरीर दिवसभर खायला मागतं. वर्षभरात हेमांगीचं अंग सुटलं. सासूबाई, कुमुदिनीबाई, साठीतही सडपातळ.

गेल्या चैत्रात हळदीकुंकवाला हेमांगीने दुसरी करंजी उचलली, तेव्हा कुमुदिनीबाई चारचौघींत म्हणाल्या, "हात आवर गं. पुढच्या वर्षी दारातून आत मावायला हवीस." सगळ्या खदखदून हसल्या.

यंदा त्याच बायका आल्या होत्या. कुमुदिनीबाईंचे डोळे तारवटलेले होते, ब्लाउज दंडाला काचत होता, आणि हात सारखा करंज्यांच्या ताटाकडे जात होता.

"भूक म्हणून भागतच नाही मेली," त्या कुरकुरल्या. "उशी बिघडली असेल का गं?"

"उशी ठणठणीत आहे, आई. गेल्या हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मी फक्त अभ्र्यांची अदलाबदल केली. तुमचं अंथरूण मीच घालते ना? तुम्ही कधी हात लावलात?"

कुणीच हसलं नाही. कुमुदिनीबाईंचा हात ताटावर थबकला, पण मागे आला नाही.

हेमांगीने ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"घ्या, लाजू नका. दार मी रुंद करून घेतलंय."