बांधापलीकडचं पाणी

धाकट्या जावेचं, मालनचं, गोबरगॅसवरचं इंजिन धडधडायला लागलं, की थोरल्या शेवंताच्या पोटात दुखायचं. गावची वीज गेली तरी मालनचं इंजिन विहिरीचं पाणी उपसायचं. शिवाय गॅसच्या टाकीतून बाहेर पडणारी शेणाची राबडी खाऊन तिची वांगी तुकतुकीत झाली होती.

“अक्का, तुमचंबी शेण टाका की यात. पाणी दोघींचं करू,” मालन म्हणाली होती. शेवंताने त्याच दिवशी चारी म्हशींच्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या आणि रोज थापत राहिली. आता गोवऱ्यांना गोठ्याची भिंत पुरेना. त्यात तीन दिवस वीज नव्हती आणि तिच्या मिरचीने माना टाकल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर शेणाची पाटी घेऊन बांध ओलांडून आली.

“वाट चुकला काय, अक्का?”

“तुझ्यासाठी नाही आले. मिरचीसाठी आले.”

“मग मिरचीसाठी शेण कालवा,” म्हणत मालनने तिच्या हातात काठी दिली. “याचा गॅस व्हायला दिवस लागतील. तवर माझ्या वाट्याचं पाणी घ्या.”

मालनने पाइप जोडला आणि दोघी शेवंताच्या रानात आल्या. पाणी मिरचीच्या सरीत शिरलं, तसा शेवंताचा जीव भांड्यात पडला. मग तिने मान उंचावून बांधापलीकडे पाहिलं. वांग्यांत पाणी जरा जास्तच वाटलं.

“तू दिवसाला किती पाट्या टाकतीस गं?”

“चार.”

“उद्यापासनं माझ्या पाच.”