उतारा

पाइप गोठून फुटू नयेत म्हणून तळ्याकाठचं घर हिवाळ्यासाठी बंद करताना टाउनोनं कमोडमध्ये गाडीचं कूलंट ओतलं. झाकण उघडंच राहिलं. ते गोडसर विष तेस्सू कुत्री प्यायली आणि झिंगल्यासारखी भेलकांडू लागली. "दवाखान्यात आणाच, पण निघण्याआधी व्होडका पाजा," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "कूलंटवर तोच उतारा." "आमच्याकडे कुठली व्होडका?" टाउनोची बायको इर्या रडकुंडीला आली. "नवऱ्यानं दारू सोडून सहा वर्षं झाली!" टाउनोनं सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात जाऊन बाकाखालच्या सरपणामागून बाटली आणली. इर्यानं ती हिसकावली, मोजून चार चमचे तेस्सूच्या घशात ओतले, मग उरलेली उजेडात धरली. सकाळीच फोडलेली बाटली निम्म्यावर आली होती. "झाकण कसं विसरलास, विचारणारच होते," ती म्हणाली. टाउनो तेस्सूला उचलून गाडीकडे निघाला, तशी तिनं हात पुढे केला. "किल्ली दे. मी चालवते."