नाव घातलेला तांब्या

नगरच्या कचेरीत कारकुनानं माझ्यापुढं दोन अर्ज ठेवले. “पाहुणे म्हणून सहा महिन्यांचा परवाना आजच मिळेल. कायमच्या वास्तव्याला पुरावे लागतील.” माझे यजमान युद्धात पोलंडहून आलेले डॉक्टर, हाना त्यांच्या पहिल्या पत्नीची लेक. मी हानासाठी कायमचाच अर्ज उचलला. कारकून म्हणाला, “लग्नाचा दाखला ठीक. पण ही मुलगी तुमच्या घरची कशावरून?” माझ्याकडं तसा कागद नव्हता. राहुरीहून सोबत आलेल्या माझ्या वडिलांनी पिशवीतून पितळी तांब्या काढून टेबलावर ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बोट नेमकं कोरलेल्या अक्षरांवर गेलं: ‘चि. हाना हीस आजोबांकडून.’ “आजोबा, भांडं म्हणजे पुरावा नव्हे.” “सायेब, पाव्हन्याला आमी तांब्याभर पानी देतो. तांब्यावर त्याचं नाव घालीत न्हाई.” कारकुनानं पाहुण्यांचा अर्ज मागं घेतला. कायमच्या अर्जावर जामीनदार म्हणून वडिलांनी नातीच्या नावाशेजारी ठसठशीत अंगठा उठवला.