कारण दूर झाल्याचा पुरावा

"सोडलेले चार विषय," खिडकीतला कारकून कागदावर पेन्सिल आपटत म्हणाला, "सोडलेले म्हणजे काय, तर घेतलेलेच. घेतलेस आणि पास नाहीस. वर्षाच्या दहापैकी सहा झाले. सात लागतात. शिष्यवृत्ती बंद."

"पण सर, नापास एकातही नाही मी."

"नापास झालीस असं कोण म्हणतंय?"

बाप शेजारच्या स्टुलावर बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. अंगावरून वारं गेलं त्याला सात महिने झाले होते. घरात दोघंच. त्याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, व्यायामाला न्यायचं, सगळं या एकोणीस वर्षांच्या पोरीनं केलं. त्या सत्रातले पाचापैकी चार विषय सोडले. पाचवा काढला तो वर्गात पहिली येऊन.

"सोडून दे, असं तुम्हीच म्हणाला होतात. याच खिडकीतून. नापासचा शेरा बसण्यापेक्षा सोडलेले बरे, म्हणालात."

"ते मार्कशीटसाठी सांगितलं. शिष्यवृत्तीचं विचारलं होतंस का?"

मुलं या कारकुनाला 'सोमवार' म्हणायची, कारण कुणालाही तो येत्या सोमवारीच बोलवायचा. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

बापाच्या डोक्यात हिशेब बसेना. सव्वीस वर्षं लेथवर काढली त्यानं. माप केसभर चुकलं की जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, भंगारात, हे त्याला कुणी शिकवायला नको. पण मध्येच लाइट गेली आणि जॉब बिघडला, तर तो कामगाराच्या नावावर टाकत नसत. सुपरवायझर एक नंबरचा हरामखोर होता, तोसुद्धा टाकत नसे. हे सांगावं असं बापाला फार वाटलं. पण जीभ जड झाली होती, एकेक शब्द ढकलून बाहेर काढावा लागे. तेवढा वेळ खिडकीत कुणाला असतो?

"फेरविचाराचा अर्ज कर," सोमवार म्हणाला आणि एक छापील कागद त्यानं पुढे सरकवला. "समितीपुढे ठेवतो. ही ओळ नीट वाच. प्रगती खुंटण्याचे कारण दूर झाल्याचा पुरावा जोडावा."

मुलीनं डॉक्टरांचं पत्र दिलं. सोमवारनं ते वाचलं आणि च्‌ च्‌ केलं.

"इथंच घोळ आहे बघ. 'रुग्णास दीर्घकाळ मदतीची गरज राहील.' म्हणजे कारण अजून आहेच. समिती म्हणणार, पुढच्या सत्रातही हेच रडगाणं. कारण संपलेलं दिसलं पाहिजे गं." मग तो जरा पुढे वाकला, धीर द्यावा तसा. "मागं एक मुलगा आला होता. आई आजारी, अगदी तुझ्यासारखंच. अर्ज पडून राहिला. मग ती गेली. मृत्यूचा दाखला जोडला, दोन दिवसांत मंजूर. स्वच्छ केस."

बापाचे ओठ हलले. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"शेवटची... तारीख... कोणती?"

"अर्जाची? तीस," सोमवार म्हणाला. "अजून अठरा दिवस आहेत, काका. काही घाई नाही."

बापानं मान डोलावली. डाव्या हाताच्या बोटांवर तो काहीतरी मोजू लागला.

मुलीनं ते पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिनं त्याची बोटं मुठीत धरून मिटवली, घट्ट, त्याला दुखेपर्यंत.

"बाबा, पुन्हा असलं मोजलंत तर बघा."

मग तिनं पेन उचललं आणि तिथंच, खिडकीच्या फळीवर, अर्ज भरला. कागद फाटेल असं दाबून लिहीत होती. बापानं तिरपं होऊन वाचलं. 'कारण दूर झालेले नाही. ते माझे वडील आहेत. पुढच्या सत्रातही असतील. दुपारी शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसणार आहेत. मी सगळे विषय पास होईन.'

"हे असं लिहितात का?" सोमवार म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे का? सरळ नामंजूर होईल."

"नामंजूर करताना खाली कारण लिहावं लागतं ना समितीला?"

"लागतं."

"मग लिहू दे की. बाप मेला नाही म्हणून. सही-शिक्क्यासकट द्या म्हणावं मला. मी फ्रेम करून घेते."

सोमवारनं इकडंतिकडं पाहिलं. मागच्या रांगेतली मुलं माना उंचावून बघत होती. त्यानं घसा खाकरला आणि नियमात सापडेल तेवढ्याचा आधार घेतला.

"पालकाची सही राहिलीय." बापाच्या हाताकडे बघून त्यानं खणातून शाईचा पॅड काढला. "अंगठा चालेल."

बापानं पॅडकडे पाहिलं. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस तो. त्यानं कोपरानं पॅड बाजूला सारला आणि पोरीच्या हातातलं पेन डाव्या हातात घेतलं.

पहिलं अक्षर चौकटीबाहेर गेलं. दुसऱ्याला कपाळावर घाम आला. मुलगी कागद दाबून धरून उभी राहिली. मदतीला हात तिनं लावला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जेवणाच्या सुट्टीवर येऊन ठेपला. सोमवारनं खिडकी बंद करायला हात उचलला, आणि तो तसाच राहिला.

"ओ ताई," रांगेतून कुणीतरी वैतागून म्हणालं, "अजून किती वेळ?"

मुलगी वळलीसुद्धा नाही.

"वेळ लागणार," ती म्हणाली. "जिवंत माणूस आहे."