उरलेली दोन काडतुसं

तिसरा बार काढला आणि ओपल स्टिडम स्वयंपाकघराच्या जमिनीवर पुन्हा आडवी झाली. बंदुकीचा दणका खांद्याला बसला होता, पण जीव जात होता तो खुब्यात. वरच्या फळीवरची घेवड्याची बरणी काढायला म्हातारी स्टुलावर चढली, स्टूल सरकलं, आणि ती अशी पडली की उजवा पाय आता तिचं ऐकायलाच तयार नव्हता. फोन भिंतीवर, उंच. सरपटत सरपटत हाताशी आली ती दारामागे उभी केलेली बंदूक. खिडकीत दिसणाऱ्या आभाळावर नेम धरून तिने झाडली. काच फुटली आणि नोव्हेंबरचा गारठा घरात शिरला.

सावकाश, सारख्या अंतराने तीन बार म्हणजे कुणीतरी अडचणीत आहे, धावून या. केंटकीच्या या डोंगरांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आज हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. उजाडल्यापासून डोंगरभर ठो ठो चाललं होतं. अशा दिवशी तीन बार ऐकले तर माणसं एवढंच म्हणणार, गेलं वाटतं बिचाऱ्याचं हरीण निसटून. दिवस तरी बघून पडावं माणसाने, ओपल स्वतःवरच करवादली.

कुणी आलं नाही. चुलीतली लाकडं विझत चालली.

बंदुकीत अजून दोन काडतुसं होती. बाकीची खोक्यात, खोकं कपाटात, म्हणजे चंद्रावरच. नवरा गेल्यापासून ती या घरात एकटी राहत होती, आणि बंदूक भरलेली नाही असा एक दिवस तिने जाऊ दिला नव्हता. आता खिडकी फुटलेली, पाय मोडलेला. कुणीही यावं आणि काहीही करावं. ही दोन काडतुसं काय ती तिची राखण. ती उडवली तर कदाचित कुणी येईल. पण कोण? आणि जो येईल त्याच्यापुढे ती रिकाम्या हाताने पडलेली असेल.

तिने बोटांकडे पाहिलं. ती निळी पडू लागली होती. ओपलला भीती वाटत होती, अगदी लहान पोरीसारखी. डोळे मिटून तिने एक बार काढला. मनात सावकाश आकडे मोजले, मग दुसरा काढला.

आणि मग ती नुसती पडून राहिली.

बऱ्याच वेळाने खालच्या फाटकापाशी हाक आली. इकडे कुणी हाक मारल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकत नाही.

"ओपलबाई! अहो ओपलबाई! मी डेल्मर! झाडू नका हां, येतोय मी!"

अख्ख्या खोऱ्यातून नेमका हाच यायचा होता. पलीकडच्या डोंगरावरचा डेल्मर. दाराला दुसरी कडी तिने बसवली ती याच्याच भीतीने. तिच्या रानातलं जिनसेंग, ती महागाची औषधी मुळी, कोण चोरून खणून नेतो, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. तिचं बोट आपोआप चापावर गेलं.

"बाई, बोला काहीतरी! हातात बंदूक आहे का?"

"आहे!"

"मग मी आपला इथेच बरा."

आता जे सांगायचं होतं, ते ओपलने आजवर एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

"रिकामी आहे रे!" ती ओरडली. "पडलेय मी. मोडलंय काहीतरी. ये आत!"

पायऱ्यांवर धाडधाड बूट वाजले. दार हललं, उघडलं नाही.

"आतून काय काय लावलंय?"

"कडी. वरची कडी. आणि साखळी."

"खजिना बिजिना आहे की काय घरात?"

"तोड ना मेल्या!"

चारदोन लाथांत दार चौकटीसकट आत आलं. डेल्मरने अंगातला शिकारीचा भडक नारिंगी कोट काढून तिच्यावर घातला. चुलीत लाकडं कोंबली, फोन लावला, रुग्णवाहिकेवाल्यांना ओरडून ओरडून रस्ता सांगितला. फुटक्या खिडकीत गोधडी खोचली. मग, हलवायचं नसतं म्हणे, असं स्वतःशीच पुटपुटत तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि तिचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळू लागला. नवरा गेल्यापासून तिचा हात कुणी असा धरला नव्हता. ओपलला रडू फुटलं, आणि ते खुब्यामुळे नव्हतं.

"देवासारखा आलास रे. तुझे उपकार कसे फेडू?"

"राहू द्या हो."

"राहू द्या काय? जन्मात पहिल्यांदा तुझ्याशी बरं बोलतेय, गप ऐकून घे."

डेल्मर हसला. बाहेर डोंगरात बार चालूच होते. जवळ एक, लांब दोन, मग पलीकडून आणखी एक. ओपल ऐकत राहिली.

"सकाळपासून हे असं चाललंय," ती म्हणाली. "त्यातले माझे कुठले, ते तुला कसं कळलं?"

डेल्मरने मान खाली घातली. हात चोळणं मात्र थांबवलं नाही.

"जिनसेंग खणत होतो तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावरून झाडली होती ना, बाई. ही बंदूक मी कुठेही ओळखेन."