मुकादमाची सुट्टी

सातव्या दिवशी कुणी कामाला हात लावायचा नाही, असं पुढारी मोशेनं सांगितलं आणि गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या इस्राएलच्या लोकांना जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळाली. दुपार झाली तरी वाळवंटातली अख्खी छावणी घोरत पडली होती.

एकट्या जक्कूरच्या पायाला भिंगरी. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, तो विटा पाडणाऱ्या टोळीचा मुकादम होता. विटा कमी भरल्या की फारो राजाची माणसं मजुरांना सोडून मुकादमालाच फोडून काढायची. आज तो सकाळपासून या तंबूतून त्या तंबूत डोकावत होता.

"काय मुकादम, विटा मोजायला निघालात की काय?" शेजारच्या एलदादनं पडल्या पडल्या टोला हाणला. "इथं नुसती वाळू आहे. चिखल कुठून आणणार?"

"अहो, बसा की गप!" बायको तिर्सा करवादली. "पाठलागावर आलेलं फारोचं सैन्य तुमच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडालं. आता तरी झोपू द्या लोकांना!"

दिवस मावळताना जक्कूर तंबूत आला, त्यानं अंगरखा काढला आणि जुन्या वळांनी भरलेली पाठ दाराकडे करून तो खांबाला धरून उभा राहिला.

"अगंबाई! हे काय आता?"

"माझ्या टोळीतल्या एकानंही आज काम केलेलं नाही," तो म्हणाला.

"माझ्या वाटचे फटके एकदाचे उरकले, की मीही निवांत झोपतो."